मान्यतेविना राज्य : सोमालीलँडचे राजकारण आणि अर्थकारण

#धागा #इतिहास #आफ्रिका

१/
आफ्रिकेच्या शिंगाच्या उत्तर किनाऱ्यावर, एडनच्या आखाताला लागून, सोमालीलँड नावाचा प्रदेश आहे. त्याला राष्ट्राध्यक्ष आहे, दोन सभागृहांची संसद आहे, स्वतःचे चलन, सैन्य, पोलीस, न्यायालये आणि पारपत्रही आहे. तेथे निवडणुका होतात आणि पराभूत झालेला राष्ट्राध्यक्ष पद सोडून घरी जातो. मात्र १८ मे १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर तब्बल चौतीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाने या प्रदेशाला स्वतंत्र देश मानले नाही. जगाच्या बहुतेक नकाशांत तो आजही सोमालियाच्याच रंगात रंगवलेला असतो.

२/
मान्यता नसणे म्हणजे केवळ राजदूत नसणे नव्हे. अशा सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मिळत नाही, जागतिक बाजारात रोखे विकता येत नाहीत, आणि तेथील व्यापाऱ्याला परदेशी बँकेच्या हमीवर माल मागवणेही दुरापास्त होते. मग तिजोरी भरायची कोणाच्या जोरावर? आणि ज्यांच्या जोरावर ती भरते, त्यांना त्या बदल्यात काय द्यावे लागते? सोमालीलँडच्या राजकारणाचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे. या धाग्यात त्याचाच मागोवा घेऊ.

३/
प्रारंभ एकोणिसाव्या शतकापासून करावा लागेल. ब्रिटिशांनी १८३९ मध्ये एडन जिंकले. हिंदुस्थानच्या जलमार्गावरील हे ठाणे लष्करीदृष्ट्या मोलाचे होते. पण खडकाळ एडनमध्ये काहीच पिकत नसे. तेथील फौजेला लागणारे मांस समोरच्या सोमाली किनाऱ्यावरून, मुख्यतः बर्बेरा बंदरातून येई. १८८४ मध्ये इजिप्तने या किनाऱ्यावरून माघार घेतली, तेव्हा दुसरी एखादी युरोपीय सत्ता तेथे येऊ नये म्हणून ब्रिटिशांनी सोमाली कुळांशी एकामागून एक करार केले. ब्रिटिश सोमालीलँडचे संरक्षित राज्य जन्माला आले ते असे. त्याची उपयुक्तता इतकी एकांगी होती की ‘एडनचे खाटकाचे दुकान’ असेच त्याला म्हटले जाई.

४/
मराठी वाचकाला एडन हे नाव परके नाही. वासुदेव बळवंत फडके यांचा १८८३ मध्ये ज्या एडनच्या तुरुंगात अंत झाला, ते एडन तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होते आणि १९३२ पर्यंत राहिले. फडक्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच सुरू झालेल्या या सोमाली संरक्षित राज्याचा कारभारही १८९८ पर्यंत एडनमार्फत हिंदुस्थान सरकारच्याच अखत्यारीत होता. तेथे रुपया चाले, आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेरपर्यंत चालत राहिला. त्याही आधी, १८५५ मध्ये, मुंबईच्या फौजेतील रिचर्ड बर्टन या अधिकाऱ्याच्या तुकडीवर बर्बेऱ्यातच हल्ला झाला होता. थोडक्यात, या किनाऱ्याचा राज्यकारभार लंडनपेक्षा मुंबईच्या अधिक जवळ होता.

५/
मांसापलीकडे फारसा रस नसल्यामुळे ब्रिटिशांनी या प्रदेशात हातही थोडाच घातला. सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन यांचा दरवेशी उठाव १८९९ पासून दोन दशके चालला. १९२० मध्ये विमानांतून बॉम्बफेक करून तो मोडण्यात आला. त्यानंतरही प्रशासन विरळच राहिले. कुळांतील तंटे, रक्ताची भरपाई, चराऊ रानांची वाटणी हे सारे वडीलधारे पूर्वापार रूढीनुसारच मिटवत. दक्षिणेकडील इटालियन सोमालियात मात्र केळीचे मळे, वसाहतवाले आणि केंद्रीभूत नोकरशाही आली. एकच भाषा, एकच धर्म. पण राज्य म्हणजे काय याचा दोन्हीकडचा अनुभव भिन्न होता. हा फरक पुढे निर्णायक ठरला.

६/
२६ जून १९६० रोजी ब्रिटिश सोमालीलँड स्वतंत्र झाले. मोहम्मद हाजी इब्राहिम एगल हे त्याचे पंतप्रधान. हे स्वतंत्र राज्य अवघे पाच दिवस टिकले. १ जुलैला इटलीच्या प्रशासनाखालील दक्षिण भागही स्वतंत्र झाला आणि दोन्ही मिळून सोमाली प्रजासत्ताक स्थापन झाले. फ्रेंच सोमालीलँड, इथिओपियातील ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भागही आज ना उद्या येऊन मिळेल, अशी तेव्हा उमेद होती. या उमेदीच्या भरात उत्तरेने विलीनीकरणाच्या अटींवर घासाघीस केली नाही. राजधानी मोगादिशू, राष्ट्राध्यक्ष दक्षिणेचा, पंतप्रधानही दक्षिणेचाच.

७/
कायद्याच्या दृष्टीनेही हे लग्न घाईचे होते. दोन्ही विधिमंडळांनी विलीनीकरणाचे वेगवेगळे मसुदे संमत केले होते. जून १९६१ च्या संविधानविषयक सार्वमतात उत्तरेतील प्रमुख पक्षाने बहिष्कार टाकला आणि ज्यांनी मतदान केले त्यांतील बहुसंख्यांनी नकार दिला. तरी दक्षिणेच्या मतांवर संविधान संमत झाले. त्याच डिसेंबरात उत्तरेतील तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंडाचा अयशस्वी प्रयत्न केला. खटल्यात ब्रिटिश न्यायाधीशाने त्यांना मुक्त केले. दोन्ही भागांना बांधणारा वैध विलीनीकरण कायदाच अस्तित्वात नाही, हा त्याचा आधार होता. सोमालीलँडचे वकील आजही हा मुद्दा पुढे करतात: आम्ही फुटून निघालो नाही, अपूर्ण राहिलेल्या करारातून बाहेर पडलो.

८/
१९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष शरमार्के यांची हत्या झाली आणि काही दिवसांतच सेनापती मोहम्मद सियाद बारे यांनी सत्ता हस्तगत केली. त्या वेळी प्रजासत्ताकाचे पंतप्रधान असलेले एगल तुरुंगात गेले. बारे यांनी ‘वैज्ञानिक समाजवाद’ जाहीर केला, सोमाली भाषेला लिपी दिली, साक्षरता मोहिमा काढल्या. आणि कुळव्यवस्था गाडल्याचा दावा करीत सत्ता आपल्या निकटच्या कुळांभोवती आवळली. १९७७ मध्ये ओगादेन जिंकण्यासाठी त्यांनी इथिओपियावर चढाई केली. सोव्हिएत संघाने ऐन वेळी इथिओपियाची बाजू घेतली, आणि १९७८ मध्ये सोमाली सैन्य पराभूत होऊन परतले.

९/
पराभवानंतर लाखो ओगादेनी निर्वासित उत्तरेत आले. त्यांना मिळणारी मदत, शस्त्रे आणि नोकऱ्या यांमुळे उत्तरेतील इसाक कुळसमूहाला आपण आपल्याच भूमीत दुय्यम ठरलो असे वाटू लागले. पशुधनाची निर्यात त्यांची, परकीय चलन त्यांचे. परवाने आणि निर्णय मात्र मोगादिशूचे. एप्रिल १९८१ मध्ये लंडनमध्ये ‘सोमाली राष्ट्रीय चळवळ’ स्थापन झाली. त्यानंतर वर्षभरातच हर्गेसात स्वतःच्या बळावर रुग्णालय सुधारू पाहणारे डॉक्टर आणि शिक्षक पकडले गेले. त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबार झाला. चळवळीने आपले तळ इथिओपियात हलवले.

१०/
एप्रिल १९८८ मध्ये बारे आणि इथिओपियाचे मेंगिस्तू यांनी परस्परांच्या बंडखोरांना आसरा न देण्याचा करार केला. आता आधार तुटणार हे ओळखून चळवळीने मे महिन्याच्या अखेरीस बुराओ आणि हर्गेसा या शहरांवर हल्ला चढवला. बारे यांचे उत्तर भयंकर होते. हर्गेसाच्याच विमानतळावरून उडालेल्या विमानांनी हर्गेसावर बॉम्ब टाकले. शहराचा बहुतांश भाग जमीनदोस्त झाला. मृतांचा आकडा साधारणपणे पन्नास हजार वा त्याहून अधिक सांगितला जातो. सुमारे पाच लाख माणसे सीमा ओलांडून इथिओपियाच्या छावण्यांत गेली. त्या हल्ल्याची आठवण म्हणून एक मिग विमान आज हर्गेसाच्या मध्यभागी चौथऱ्यावर उभे आहे.

११/
जानेवारी १९९१ मध्ये बारे मोगादिशूतून पळाले. दक्षिणेत सत्तेसाठी टोळीयुद्ध पेटले. उत्तरेत चळवळीचा विजय झाला होता, पण सर्वच कुळे तिच्या बाजूने लढली नव्हती. गदबुर्सी, धुलबहांते, वारसंगेली या कुळांतील अनेक जण सरकारच्या बाजूने होते. येथे चळवळीने सूड टाळला. फेब्रुवारीत बर्बेऱ्याला आणि एप्रिल-मेमध्ये बुराओला सर्व कुळांचे वडीलधारे एकत्र बसले. चळवळीच्या नेतृत्वाचा कल एकसंध सोमालियाकडे असला, तरी लोकमताचा दाब विलक्षण होता. १८ मे १९९१ रोजी बुराओत स्वातंत्र्याची घोषणा झाली. जुन्या ब्रिटिश सीमा हीच नव्या राज्याची सीमा ठरली.

१२/
सोमालीलँडचे लोक मुळातच समंजस, म्हणून तेथे शांतता नांदली, असे पुष्कळदा लिहिले जाते. इतिहास तसे सांगत नाही. घोषणेनंतर वर्ष उलटत नाही तोच विजयी इसाक उपकुळांतच लढाई जुंपली. १९९२ मध्ये ती बर्बेरा बंदरापर्यंत पोहोचली, आणि प्रश्न अगदी उघड होता: बंदराचा महसूल कोणाचा? पहिले राष्ट्राध्यक्ष अब्दिरहमान तूर यांच्याकडे ना पैसा होता ना सैन्य. त्या वर्षअखेरीस शेख या डोंगरी गावात वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली आणि तोडगा निघाला: बंदर, विमानतळ, मुख्य रस्ते ही कोणा एका कुळाची मालमत्ता नसून सर्वांची आहे.

१३/
या तोडग्याला राज्यघटनेचे रूप मिळाले ते १९९३ मध्ये बोरामा येथे. हे गाव इसाकांचे नव्हे, गदबुर्सींचे. म्हणून ते निवडले गेले. दीडशे मताधिकारी प्रतिनिधी जवळपास चार महिने चर्चा करीत होते. यजमान गावाने आणि व्यापाऱ्यांनी खर्चाचा मोठा भार उचलला. तेथे राष्ट्रीय सनद ठरली, आणि ‘गुर्ती’ म्हणजे वडीलधाऱ्यांची सभा संसदेचे वरिष्ठ सभागृह बनली. युद्धकाळात चळवळीसाठी धान्य आणि माणसे गोळा करणारी हीच गुर्ती आता शांततेची जामीनदार झाली. राष्ट्राध्यक्ष म्हणून निवड झाली १९६० च्या त्या पाच दिवसांच्या पंतप्रधानांची, एगल यांची.

१४/
एगल यांच्यापुढचा पहिला प्रश्न तिजोरीचा होता. परदेशी कर्ज मिळणार नव्हते. मोगादिशूकडे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे सैनिक आणि प्रचंड निधी जात होता. हर्गेसाकडे त्या तुलनेत नगण्य. एगल यांनी जिबूती आणि बर्बेऱ्यातील बड्या पशुव्यापाऱ्यांकडून पैसा उभा केला आणि मोबदल्यात त्यांना करांत सवलती दिल्या. त्या पैशातून लढवय्यांना छावण्यांत आणून पगारी सैनिक आणि पोलीस बनवले गेले. व्यापाऱ्यांचाही यात स्वार्थ होता. दर चार कोसांवर दोरी बांधून वसुली करणाऱ्या बंदूकधाऱ्यांपेक्षा बंदरावर एकदाच घेतलेला कर त्यांना स्वस्त पडणार होता.

१५/
१९९४ मध्ये सोमालीलँड शिलिंग चलनात आला. त्याच वर्षी एगल यांनी हर्गेसाचा विमानतळ तेथे परस्पर वसुली करणाऱ्या कुळाच्या सशस्त्र गटाकडून काढून घेण्याचा प्रयत्न केला आणि पुन्हा यादवी पेटली. ती १९९६ पर्यंत चालली. नव्या नोटांनी युद्धाचा खर्च काही अंशी भागवला, पण त्याची किंमत सामान्यांनी महागाईतून मोजली. १९९६-९७ च्या हर्गेसा परिषदेत पराभूत कुळांना संसदेत वाढीव जागा देऊन समेट घडला. म्हणजे येथेही राज्य सौद्यांतून आणि रक्तातूनच घडले. फरक इतकाच की प्रत्येक लढाईनंतर पक्ष पुन्हा चर्चेला बसले, कारण बाहेरून पैसा ओतून कोणा एकाला जिंकवणारा कोणी नव्हता.

१६/
या अर्थव्यवस्थेचा कणा म्हणजे पशुधन. मेंढ्या, बकऱ्या आणि उंट बर्बेऱ्याहून अरबस्तानात जातात. हज यात्रेच्या काळात मागणी शिगेला पोहोचते. सरकारचे प्रमुख उत्पन्न याच बंदरावरील जकात. एका मालावर आणि एका गिऱ्हाइकावर उभ्या असलेल्या या घराला १९९८ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये तडाखा बसला. रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीने सौदी अरेबियाने आयात बंद केली. दुसरी बंदी २००९ पर्यंत टिकली. जनावरे निरोगी असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे तर ते देणारे सरकार जगाने मानलेले हवे. मान्यतेचा अभाव असा थेट धनगराच्या कळपापर्यंत पोहोचतो.

१७/
त्या दशकात देश बुडाला नाही, याचे मोठे श्रेय परदेशस्थ सोमालींना जाते. १९८८ नंतर ब्रिटन, स्कँडिनेव्हिया, कॅनडा आणि आखाती देशांत गेलेल्यांनी दरमहा घरी पैसे पाठवले. औपचारिक बँका नव्हत्या. हवालासदृश जाळ्यांनी त्यांची जागा घेतली. १९७० मध्ये बुराओत सुरू झालेली आणि युद्धात सर्वस्व गमावून इथिओपियात पुन्हा उभी राहिलेली ‘दहाबशील’ ही त्यांतील सर्वांत मोठी. शिलिंगचे मूल्य इतके घसरले की हर्गेसाच्या रस्त्यांवर पैसे बदलून देणारे नोटांच्या थप्प्या विटांसारख्या रचून बसतात. मग २००९ मध्ये ‘झाड’ ही मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा आली, आणि भाजीपासून पगारापर्यंतचे व्यवहार डॉलरमध्ये फोनवरून होऊ लागले.

१८/
राजकारणातही कुळपरिषदांकडून मतपेटीकडे प्रवास झाला. ३१ मे २००१ च्या सार्वमतात संविधान आणि त्यासोबत स्वातंत्र्य प्रचंड बहुमताने संमत झाले. अधिकृत आकडा ९७ टक्क्यांचा होता. मे २००२ मध्ये एगल यांचे दक्षिण आफ्रिकेत निधन झाले. त्याच दिवशी उपराष्ट्राध्यक्ष दाहिर रियाले काहिन यांनी शपथ घेतली. ते इसाक नव्हते, गदबुर्सी होते. शिवाय एकेकाळी बारे यांच्या सुरक्षा खात्यात अधिकारी होते. ज्या राजवटीने हर्गेसा उद्ध्वस्त केले, तिच्या सेवेतील माणूस त्याच हर्गेसात शांतपणे राष्ट्राध्यक्ष झाला.

१९/
खरी कसोटी एप्रिल २००३ मध्ये लागली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रियाले यांनी अहमद मोहम्मद सिलान्यो यांचा अवघ्या ८० मतांनी पराभव केला. सिलान्यो म्हणजे मुक्तियुद्धाच्या काळातील चळवळीचे दीर्घकाळचे अध्यक्ष. त्यांच्या समर्थकांकडे शस्त्रे होती, निकालाविषयी रास्त शंकाही होत्या. तरीही प्रकरण न्यायालयात गेले, वडीलधाऱ्यांनी समजूत घातली, आणि सिलान्यो यांनी पराभव स्वीकारला. सात वर्षांनी, २०१० मध्ये, तेच जिंकले आणि रियाले पायउतार झाले. आफ्रिकेतील कितीतरी मान्यताप्राप्त राज्यांना हे साधलेले नाही.

२०/
येथे अभ्यासकांचा एक महत्त्वाचा युक्तिवाद आहे. मदतीवर जगणारे सरकार देणगीदाराला उत्तरदायी असते. करावर जगणारे सरकार करदात्याला. मान्यता नसल्याने हर्गेसाला आपल्याच व्यापाऱ्यांशी, वडीलधाऱ्यांशी आणि परदेशस्थ नागरिकांशी तडजोड करणे भाग पडले. मोगादिशूत मात्र परकीय पैशावर कब्जा मिळवणे हेच राजकारण बनले. युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण त्यावरून ‘मान्यता नव्हती तेच बरे’ असा निष्कर्ष काढणे क्रूरपणाचे ठरेल. २०१२ साठी जागतिक बँकेने काढलेल्या अंदाजानुसार येथील दरडोई उत्पन्न वर्षाला ३४७ डॉलर होते, म्हणजे जगातील सर्वांत कमी उत्पन्नांपैकी एक. तुटपुंज्या अंदाजपत्रकाचा मोठा वाटा सुरक्षेवर जातो. शाळा आणि दवाखान्यांसाठी थोडेच उरते.

२१/
तडजोडीचे राजकारण ज्यांना चर्चेच्या वर्तुळात स्थान आहे त्यांचेच भले करते, हेही येथे दिसते. गुर्तीची निवडणूक आजवर झालेली नाही. तिची मुदत पुन:पुन्हा वाढवली जाते, आणि ती राष्ट्राध्यक्षांची मुदत वाढवते. २००५ मध्ये निवडलेले कनिष्ठ सभागृह तब्बल सोळा वर्षे बसून राहिले. २०२१ मध्ये अखेर निवडणूक झाली. ८२ जागांपैकी एकीवरही स्त्री निवडून आली नाही. उमेदवार कुळ ठरवते, आणि विवाहित स्त्री माहेरच्या कुळाची की सासरच्या, या वादात तिला दोन्हीकडून पाठिंबा मिळत नाही. राज्यावर टीका करणारे पत्रकारही अनेकदा तुरुंगात गेले आहेत.

२२/
मग मान्यता का मिळाली नाही? १९६४ मध्ये कैरो येथे आफ्रिकी ऐक्य संघटनेने ठरवले की वसाहतकालीन सीमा जशाच्या तशा ठेवायच्या. तेव्हा हा ठराव नाकारणाऱ्यांत सोमालिया होता. आज तोच त्या सीमांच्या अभंगतेचा आधार घेतो. सोमालीलँडचे उत्तर असे की आमची सीमाही वसाहतकालीनच आहे. २००५ मध्ये आफ्रिकी संघाच्या तथ्यशोधक पथकानेही हे प्रकरण इतिहासात एकमेव असल्याचे नमूद केले. पण एरिट्रिया १९९३ मध्ये आणि दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाले ते मूळ राज्याच्या संमतीने. मोगादिशूने ती कधीच दिली नाही, आणि तिच्याविना पहिले पाऊल टाकायला आफ्रिकी देश धजावले नाहीत.

२३/
दरम्यान भूगोलाचे मोल वाढले. २०१६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीने बर्बेरा बंदर तीस वर्षांसाठी घेतले. ४४ कोटी २० लाख डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा झाली. एरिट्रिया गेल्यापासून समुद्राला मुकलेल्या इथिओपियाला २०१८ मध्ये बंदरात १९ टक्के हिस्सा देऊ केला गेला, पण अटी पूर्ण न केल्याने तो हातचा गेला. १ जानेवारी २०२४ रोजी इथिओपियाने पुन्हा करार केला: नाविक तळासाठी किनारा, आणि बदल्यात मान्यतेचा विचार. सोमालिया खवळला, तुर्कस्तानच्या मध्यस्थीनंतर हा करार बाजूला पडला. महसुलाचा स्रोत असा परकीय कंपन्यांशी बांधला गेला की स्थानिक व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्याची सरकारची निकड कमी होते, हा त्यातला दूरगामी धोका.

२४/
आणि मग लास अनोद. पूर्वेकडील या शहरात धुलबहांते राहतात. ते ब्रिटिश सीमेच्या आत येतात, पण हर्गेसाच्या राज्यात आपला वाटा त्यांना कधीच पुरेसा वाटला नाही. २००७ मध्ये सोमालीलँडच्या फौजेने ते ताब्यात घेतले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे निदर्शने झाली, त्यांवर गोळीबार झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये वडीलधाऱ्यांनी मोगादिशूशी राहण्याचा निर्णय जाहीर केला आणि युद्ध पेटले. शहरावर तोफगोळे पडले, दीड लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले. ऑगस्टमध्ये सोमालीलँडची फौज हरून मागे हटली. १९८८ मध्ये आपल्या शहरावर झालेला भडिमार ज्यांच्या राष्ट्रभावनेचा पाया, त्यांच्या राज्याने दुसऱ्या शहरावर भडिमार केला होता.

२५/
नोव्हेंबर २०२४ मध्ये अब्दिरहमान मोहम्मद अब्दुल्लाही ऊर्फ ‘इर्रो’ यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष मुसे बिही यांचा पराभव केला, आणि सत्तांतर पुन्हा एकदा शांततेत झाले. २६ डिसेंबर २०२५ रोजी इस्रायलने सोमालीलँडला मान्यता दिली. असे करणारा तो संयुक्त राष्ट्रांचा पहिला सदस्य देश. सोमालिया आणि आफ्रिकी संघाने लगेच निषेध केला. कारणे पाहिली तर बोरामाची सनद किंवा ८० मतांचा स्वीकारलेला पराभव यांपेक्षा तांबड्या समुद्राचे तोंड आणि समोरचा येमेन यांनाच अधिक वजन असल्याचे दिसते. तीन दशकांचे स्वराज्य जे मिळवू शकले नाही, ते जागेच्या मोक्यामुळे मिळाले.

२६/
सोमालीलँडचा इतिहास दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतो. मान्यता बाहेरून मिळते, अधिमान्यता आतून. १९९१ ते १९९७ या काळात या राज्याने दुसरी गोष्ट परिषदांमधून, सवलतींमधून आणि हरलेल्यांना जागा देऊन मिळवली. लास अनोदमध्ये ती पद्धत सोडून बंदूक उचलली, तेव्हा ती जवळपास तीन वर्षांत परत मिळालेली नाही. आता परकीय तळ, बंदराचे भाडे आणि कदाचित परकीय कर्जही येऊ लागेल. तो पैसा आल्यावर हर्गेसाचे राज्यकर्ते बुराओच्या पशुव्यापाऱ्याशी, बोरामाच्या वडीलधाऱ्याशी आणि लास अनोदच्या विस्थापिताशी चर्चेला बसतील का, यावर त्या राज्याचे भवितव्य अवलंबून आहे. दूतावासांच्या संख्येवर ते तितकेसे अवलंबून नाही.

(धागा समाप्त. शंका, पूरक माहिती आणि मतभेद यांचे स्वागत.)